काम, कमाई आणि कुटुंब: पीएलएफएसची मूळ माहिती पहिल्यांदा हाताळताना

‘देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के’ अशी बातमी येते, तेव्हा तिच्यामागे सुमारे एक लाख घरांत बसून भरलेले तक्ते असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालं. त्याची माणसामाणसाची माहिती नावं आणि पत्ते काढून सगळ्यांसाठी मोफत खुली असते. अहवालातल्या तक्त्यांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर या मूळ माहितीतून ते स्वतः काढता येतं. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही, पण सवड काढून वाचण्याची तयारी लागते. या कामातल्या बहुतेक चुका सॉफ्टवेअरमध्ये होत नाहीत. रकान्यातला कोड कोणाला आणि का दिला गेला हे न वाचल्यामुळे त्या होतात.

सबंध लेखात एकच प्रश्न हाताशी ठेवू: ग्रामीण महाराष्ट्रात २५ ते ५४ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी किती जणी काम करतात, कोणतं काम करतात, आणि त्याचे पैसे त्यांच्या नावावर लागतात का?

१. फेरी ठरवा

जुलै ते जून अशा वार्षिक फेऱ्या २०१७-१८ पासून २०२३-२४ पर्यंत आहेत. त्यांची रचना सारखी असल्याने त्या आपसांत ताडून पाहता येतात. जानेवारी २०२५ पासून रचना बदलली. जिल्हा हा नमुन्याचा पायाभूत घटक झाला, दर गावात किंवा शहरी विभागात ८ ऐवजी १२ घरं घेतली जाऊ लागली, ग्रामीण भागातल्या घरांनाही पुन्हा भेटी सुरू झाल्या आणि आकडे दर महिन्याला येऊ लागले. म्हणून २०२५ चे आकडे २०२३-२४ च्या पुढे सरळ जोडून ‘वाढ झाली’ किंवा ‘घट झाली’ असं लिहू नका. नवख्याने २०२३-२४ पासून सुरुवात करावी. खाली जे सांगितलं आहे ते याच जुन्या रचनेबद्दल आहे.

२०११-१२ पर्यंत दर पाच वर्षांनी रोजगार-बेरोजगारीची मोठी सर्वेक्षणं होत. त्यांच्याशी तुलना अशक्य नाही, पण घरं निवडण्याची पद्धत तेव्हा वेगळी होती. पीएलएफएसमध्ये गावातली घरं दहावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या सदस्यांच्या संख्येनुसार गटांत विभागून निवडली जात. पहिल्याच अभ्यासात या तुलनेच्या वाटेला जाऊ नये.

२. माहितीआधी कागद वाचा

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा (मूळ माहितीच्या) पोर्टलवर नोंदणी करून फाइली उतरवता येतात. माहितीच्या फाइलींसोबत तीन गोष्टी न विसरता घ्या: प्रश्नावली (अनुसूची १०.४), क्षेत्र कर्मचाऱ्यांसाठीची सूचनापुस्तिका, आणि कोणता रकाना ओळीतल्या कितव्या अक्षरापासून सुरू होतो हे सांगणारा आराखडा. ‘वाचा’ नावाची छोटी टीपही असते. गुणक (नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा तो आकडा) कसा वापरायचा ते तिच्यातच लिहिलेलं असतं.

प्रश्नावली छापून घ्या आणि आपल्याच घरच्या माणसांची माहिती तिच्यात भरून बघा. घरच्या गोठ्यात रोज दोन तास राबणारी आजी कोणत्या कोडमध्ये बसते, हे ठरवताना जी अडचण येते तीच प्रगणकालाही येते. हा एक तास पुढचे अनेक दिवस वाचवतो.

कुटुंब म्हणजे काय, हेही इथेच वाचा. नेहमी एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे कुटुंब. यात रक्ताचं नातं लागत नाही. मुंबईत वर्षभर खोली घेऊन राहणारा चाकरमानी दर महिन्याला गावी पैसे पाठवत असला, तरी गावच्या घराच्या यादीत तो नसतो. वसतिगृहातली मुलगीही आईवडिलांच्या घरात मोजली जात नाही. हे ध्यानात न घेता कोकणातल्या घरांचा आकार काढाल, तर घरं लहान का दिसतात याचं भलतंच कारण सांगाल.

३. फाइल उघडणं

चार फाइली असतात: पहिल्या भेटीची घरांची, पहिल्या भेटीची माणसांची, आणि पुनर्भेटीच्या अशाच दोन. शहरातल्या प्रत्येक निवडलेल्या घरात चार तिमाह्यांत चार वेळा जातात, ग्रामीण घरात एकदाच. वार्षिक आकड्यांसाठी फक्त पहिल्या भेटीच्या फाइली घ्या. पुनर्भेटी त्यांत मिसळल्या, तर शहरातली तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातील. शिवाय वर्षभराच्या कामाचे प्रश्न पुनर्भेटीत विचारलेलेच नसतात.

मूळ फाइल साधी मजकुराची असते. ओळीला एक नोंद, मध्ये स्वल्पविराम नाहीत, आणि कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत कोणता रकाना हे आराखड्यावरून तोडायचं. आर, पायथन, स्टेटा यांपैकी कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. पहिली दोन मोफत आहेत. एक्सेलमध्ये चार लाख ओळी मावतात, पण आम्ही ते टाळायला सांगतो, आणि त्यामागे एक ठोस कारण आहे. एक्सेल आकड्याच्या सुरुवातीचं शून्य खातं. उद्योगाचा कोड पाच अंकी असतो. भातशेतीचा कोड ०११२ ने सुरू होतो. शून्य गेलं आणि पहिले दोन अंक घेतले, की उरतात ११, म्हणजे पेयनिर्मिती. गाई-म्हशी पाळणाऱ्यांचा कोड ०१४१ ने सुरू होतो. तो १४ होऊन कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत जाऊन बसतो. विदर्भातल्या खेड्यांत अचानक पेयांचे उद्योग दिसू लागले, तर हेच घडलं आहे असं समजा. सगळे कोड मजकूर म्हणून वाचा. आकडा म्हणून फक्त वय, रुपये, तास आणि गुणक वाचा.

उघडल्यावर पहिली तपासणी ओळींच्या मोजणीची. २०२३-२४ च्या पहिल्या भेटीत १,०१,९५७ घरं आणि ४,१८,१५९ माणसं असायला हवीत. एकही ओळ कमीजास्त असेल तर तिथेच थांबा.

४. घर आणि माणूस जोडणं

घराचा धर्म, सामाजिक गट, मासिक खर्च घरांच्या फाइलीत असतात. वय, शिक्षण, काम, कमाई माणसांच्या फाइलीत. जोडणीसाठी एकच क्रमांक तयार मिळत नाही, तो बनवावा लागतो: तिमाही, भेट, निवडलेल्या गावाचा किंवा शहरी विभागाचा क्रमांक (एफएसयू), त्यातला उपविभाग, दुसऱ्या टप्प्याचा स्तर (घरं निवडताना सदस्यांच्या शिक्षणानुसार केलेला गट) आणि घराचा क्रमांक. हे सगळं त्याच क्रमाने एकापुढे एक मजकूर म्हणून चिकटवा. यातला दुसऱ्या टप्प्याचा स्तर नवखे लोक नेहमी विसरतात. मग एका गावातली दोन वेगळी घरं एकच क्रमांक घेऊन बसतात आणि जोडल्यावर ओळी वाढतात. जोडणीनंतर माणसांची संख्या आधी होती तितकीच राहिली पाहिजे, आणि प्रत्येक घरात कुटुंबप्रमुख एकच सापडला पाहिजे.

महाराष्ट्राचा राज्य कोड २७, गोव्याचा ३०.

५. गुणक

नमुन्यातली एक बाई आपल्यासारख्या किती बायकांच्या वतीने बोलते, ते गुणक सांगतो. तो न लावता काढलेली टक्केवारी ही फक्त नमुन्यातल्या माणसांची टक्केवारी असते. शहरी आणि शिकलेली घरं लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त घेतलेली असल्यामुळे ती हमखास चुकते.

फाइलीतल्या गुणकाचे शेवटचे दोन अंक दशांशाचे असतात, म्हणून १०० ने भागायचं. नमुना दोन उपनमुन्यांत घेतलेला असतो. एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने सारखे असतील तर १०० ने, वेगळे असतील तर २०० ने भागा. वार्षिक आकड्यासाठी त्याला आणखी तिमाह्यांच्या संख्येने भागायचं. तो आकडाही फाइलीत असतो आणि बहुतेकदा ४ असतो. समजा फाइलीत २४५६०० आहे, दोन्ही रकाने वेगळे आहेत आणि तिमाह्या ४. मग भागून येणारा आकडा, म्हणजे भार = २४५६०० ÷ (४ × २००) = ३०७. ती बाई ३०७ जणींच्या वतीने बोलते. रकाने सारखे असते तर भार ६१४ झाला असता.

टक्केवारी काढताना काम करणाऱ्यांच्या भारांची बेरीज अंशस्थानी आणि त्या गटातल्या सगळ्यांच्या भारांची बेरीज छेदस्थानी. भारांची एकूण बेरीज करून ‘महाराष्ट्रात इतके लाख कामगार’ असं लिहू नका. या सर्वेक्षणांची बेरीज जनगणनेवरून अंदाजलेल्या लोकसंख्येपेक्षा कमी येते. प्रमाण सर्वेक्षणातून घ्या आणि त्याला अंदाजित लोकसंख्येने गुणा.

६. ताळा

स्वतःच्या प्रश्नाकडे वळण्याआधी छापील आकडे परत काढून दाखवा. २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी, नेहमीच्या स्थितीनुसार (मागच्या ३६५ दिवसांच्या कामावरून), श्रमशक्ती सहभाग ६०.१ टक्के, स्त्रियांचा ४१.७ टक्के आणि बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे. तुमचं उत्तर पहिल्या दशांशापर्यंत जुळलं पाहिजे. बेरोजगारीचा दर २ च्या आसपास येत असेल, तर तुम्ही छेदात सगळी लोकसंख्या घेतली आहे. तिथे फक्त श्रमशक्ती, म्हणजे काम करणारे अधिक काम शोधणारे, हवेत. पुरुषांचा सहभाग जवळपास जुळतो पण स्त्रियांचा आकडा बराच कमी पडतो, असं असेल तर दुय्यम काम गाळलं गेलं आहे. त्याबद्दल आता पाहू.

७. काम: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

प्रत्येकाच्या कामाकडे दोन खिडक्यांतून पाहिलं जातं. एक नेहमीची स्थिती, म्हणजे मागचे ३६५ दिवस. दुसरी चालू आठवड्याची स्थिती, म्हणजे मागचे ७ दिवस. या आठवड्यात एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस कामात धरला जातो. २०२३-२४ मध्ये बेरोजगारीचा दर पहिल्या खिडकीतून ३.२, तर दुसरीतून ४.९ टक्के दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. कोणता वापरला हे न सांगणं मात्र चूक.

नेहमीच्या स्थितीत मुख्य काम आणि दुय्यम काम असे दोन भाग असतात. वर्षातला जास्त काळ जिथे गेला ती मुख्य स्थिती. त्याखेरीज ३० दिवस किंवा जास्त काही आर्थिक काम केलं असेल तर ते दुय्यम. वर्षातले नऊ महिने घर सांभाळणारी आणि सोयाबीनच्या हंगामात तीन महिने घरच्या शेतात राबणारी बाई मुख्य स्थितीत ‘घरकाम’ आणि दुय्यम स्थितीत ‘मदतनीस’ असते. फक्त मुख्य रकाना घेतला तर ती कामकऱ्यांतून गायब होते. पुरुषांच्या आकड्याला याने फारसा फरक पडत नाही, बायकांच्या आकड्याला पडतो.

कोड असे आहेत: ११ स्वतःच्या हिमतीवर धंदा किंवा शेती करणारा, १२ माणसं कामाला ठेवणारा मालक, २१ घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस, ३१ नियमित पगारदार, ४१ सरकारी बांधकामांवरची रोजंदारी, ५१ इतर रोजंदारी, ८१ काम शोधणारे. ९१ शिक्षण, ९२ फक्त घरकाम, ९३ घरकाम आणि शिवाय घरापुरतं सरपण-चारा गोळा करणं, शिवण वगैरे. ९४ पेन्शन किंवा भाड्यावर जगणारे, ९५ अपंगत्वामुळे काम न करू शकणारे, ९७ इतर. आठवड्याच्या स्थितीत आणखी काही कोड येतात: रोजगार हमीसाठी वेगळा ४२, आणि काम असून आजारपणामुळे किंवा इतर कारणाने न गेलेल्यांसाठी ६१, ६२, ७१, ७२.

आमच्या मते या सगळ्या माहितीतला सगळ्यांत बोलका भाग म्हणजे २१, ९२ आणि ९३ यांच्यातली हद्द, आणि ती फार पातळ आहे. एकच बाई, तीच म्हैस. दूध डेअरीला घालतात म्हटलं की ती २१ मध्ये जाते. प्रश्न नीट विचारला गेला नाही की ९२ किंवा ९३ मध्ये. त्यात घरातला एकच माणूस सगळ्यांची उत्तरं देऊ शकतो. ‘ती काय, घरीच असते’ हे सासऱ्याचं उत्तर तसंच लिहून घेतलं जाण्याचा धोका असतो, आणि खोदून विचारण्याच्या सूचना त्यासाठीच दिलेल्या असतात. देशात १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीत ग्रामीण भागातल्या स्वयंरोजगाराचा आणि बिनपगारी मदतनिसांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे ‘बायका कामाला लागल्या’ असं एका वाक्यात न लिहिता ११, २१, ३१ आणि ५१ वेगळे दाखवा. आपल्या प्रश्नासाठी हाच मुख्य तक्ता. ९२ आणि ९३ मधल्या बायकाही दोन वेगळ्या ओळींत दाखवा, म्हणजे हद्द सरकली तर वाचणाऱ्याला कळेल.

घरकामाचे तास पीएलएफएसमधून निघत नाहीत. त्यासाठी त्याच कार्यालयाचं वेळवापर सर्वेक्षण आहे, २०१९ आणि २०२४ चं. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा पूर्ण दिवस त्यात नोंदतात. २०२४ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ८८ मिनिटं. दोन्ही सर्वेक्षणांतली माणसं वेगळी आहेत. त्यांची व्यक्तिवार जोडणी होत नाही, फक्त गटागटांची तुलना होते.

८. कमाई

तीन प्रकारचे कामकरी, तीन वेगळे काळ. पगारदाराची कमाई मागच्या कॅलेंडर महिन्याची. स्वयंरोजगार करणाऱ्याची मागच्या ३० दिवसांची ढोबळ कमाई. रोजंदारीची मागच्या सात दिवसांतल्या प्रत्येक दिवसाची, आणि दिवसाला दोन कामांपर्यंत. म्हणून रोजंदारीसाठी चौदा रकान्यांची बेरीज करावी लागते. या सगळ्यांची गाठ आठवड्याच्या स्थितीशी असते, नेहमीच्या स्थितीशी नाही. नेहमीच्या स्थितीत ३१ असलेली बाई निवडून तिची कमाई पाहिलीत आणि त्या आठवड्यात ती काम शोधत असली, तर रकाना रिकामाच मिळेल.

रोजाची मजुरी ३० ने गुणून ‘महिन्याची कमाई’ म्हणू नका. कोणालाही तीस दिवस काम मिळत नाही. आठवड्याच्या कमाईला ३०/७ ने गुणणं त्यातल्या त्यात बरं, तेही टीप देऊन. शेतकऱ्याच्या ३० दिवसांच्या कमाईला हंगामाचा फटका बसतो. कापूस विकला त्या महिन्यात मोठा आकडा, बाकी कित्येक महिने शून्याजवळ. चारही तिमाह्यांची सरासरी काहीतरी सांगते. पण त्यावरून गरीब शेतकऱ्यांची टक्केवारी काढली तर ती फसवी येते, कारण जूनमध्ये विचारलेला सधन शेतकरीही तिथे गरीब दिसतो.

मदतनिसाच्या, म्हणजे २१ च्या, नावावर कमाई नसते. तिची मेहनत ११ मध्ये असलेल्या नवऱ्याच्या आकड्यात मुरलेली असते. स्त्रियांची सरासरी कमाई काढताना २१ ला शून्य धरून आत घेतलं की एक उत्तर येतं, वगळलं की दुसरं, आणि दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ऊसतोडीला तर नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो. उचल जोडीला मिळते आणि ती बहुधा नवऱ्याच्या हाती जाते. बीडच्या घरातली अशी मजुरी तक्त्यात कोणाच्या नावावर पडली हे फाइलीवरून कळत नाही. म्हणून स्थलांतरित मजुरांच्या बाबतीत स्त्री-पुरुष मजुरीतली तफावत जपून मांडा.

सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे कमाया क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरा. लोक कमाई १०,००० किंवा १५,००० अशा गोल आकड्यांत सांगतात, त्यामुळे मध्यक वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर अडकू शकतो. सोबत पहिला आणि तिसरा चतुर्थक, म्हणजे त्याच क्रमात पाव आणि पाऊण वाटेवर येणारे आकडे, द्या. वर्षांची तुलना असेल तर महागाईचा परिणाम काढून टाका, आणि ग्रामीण भागासाठी ग्रामीण निर्देशांकच घ्या.

९. कुटुंब

कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं १ ते ९ या कोडांत असतं: १ प्रमुख, २ त्याचा जोडीदार, ३ विवाहित मूल, ४ विवाहित मुलाचा किंवा मुलीचा जोडीदार, ५ अविवाहित मूल, ६ नातवंड, ७ आईवडील किंवा सासूसासरे, ८ भावंडं आणि इतर नातेवाईक, ९ नोकर किंवा नातं नसलेले. सगळी नाती प्रमुखापासून मोजलेली आहेत. आपल्याला हव्या असलेल्या बाईपासून नाहीत, आणि गोंधळ इथेच होतो.

घरात सासू आहे का, हे शोधायचं आहे समजा. प्रमुख सासरा असेल तर सून कोड ४ मध्ये आणि सासू २ मध्ये. प्रमुख नवरा असेल तर बायको २ मध्ये आणि सासू ७ मध्ये, पण ७ मधली स्त्री तिची स्वतःची आईही असू शकते. प्रमुख विधवा सासू असेल तर ती १ मध्ये. तिन्ही वाटा वेगवेगळ्या लिहा. कोड ४ मध्ये घरजावईही येतो, म्हणून लिंग तपासायला विसरू नका.

मूल कोणाचं हे दोन सुनांच्या घरात सांगता येत नाही, कारण दोघींची मुलं कोड ६ मध्ये एकत्र असतात. म्हणून ‘तिला लहान मूल आहे का’ असं न विचारता ‘घरात सहा वर्षांखालचं मूल आहे का’ असं विचारा, आणि लेखातही शब्द तेच ठेवा.

स्त्रीप्रमुख घरांचे निदान दोन गट करा. वैवाहिक स्थितीचे कोड १ अविवाहित, २ विवाहित, ३ विधवा किंवा विधुर, ४ घटस्फोटित किंवा विभक्त असे आहेत. प्रमुख स्त्री, स्थिती २, आणि घरात कोड २ चा माणूसच नाही: हे बहुधा नवरा बाहेरगावी कमावतो ते घर. प्रमुख स्त्री, स्थिती ३: हे विधवेचं घर. दोघींच्या हाती येणारा पैसा, शेतीवरचा हक्क आणि कामाचा प्रकार इतका वेगळा असतो की त्यांची एक सरासरी काढण्यात अर्थ नाही.

१०. आकडा किती पक्का?

नमुना गावागावांच्या गुच्छांत घेतलेला असतो, म्हणून साध्या सूत्राने काढलेली त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे आकड्यात येणारी अनिश्चितता, खऱ्यापेक्षा लहान येते. आरमधल्या सर्व्हे पॅकेजला तीन गोष्टी सांगा: स्तर (राज्य, ग्रामीण-शहरी, स्तर, उपस्तर), गुच्छ (एफएसयू) आणि भार. आपला २५ ते ५४ वयाच्या विवाहित स्त्रियांचा गट ही रचना सांगून झाल्यावर वेगळा काढा. आधीच ओळी कापून टाकल्या, तर काही गावं रचनेतूनच नाहीशी होतात आणि त्रुटी चुकते. एखाद्या स्तरात एकच गाव उरलं म्हणून पॅकेज अडून बसलं, तर त्यासाठीचा पर्याय त्याच्या माहितीपत्रकात आहे. कोणता निवडला ते लिहून ठेवा.

२०२३-२४ सारख्या फेऱ्यांतून जिल्ह्याचे आकडे काढू नका. ग्रामीण महाराष्ट्राच्या खाली उतरायचंच असेल, तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने (एनएसएस) पाडलेल्या राज्याच्या सहा विभागांपर्यंत या: किनारपट्टी, अंतर्गत पश्चिम, अंतर्गत उत्तर, अंतर्गत मध्य, अंतर्गत पूर्व आणि पूर्व. तेही पुरेसं वाटलं नाही तर तीन-चार वर्षांच्या फेऱ्या एकत्र करा आणि भारांना वर्षांच्या संख्येने भागा. व्यवसायाचे कोड सुरुवातीच्या फेऱ्यांत २००४ च्या वर्गीकरणाचे आणि पुढच्या फेऱ्यांत २०१५ च्या वर्गीकरणाचे आहेत, ते एकत्र करण्याआधी जुळवून घ्या.

प्रत्येक तक्त्याखाली पाच गोष्टी लिहा: फेरी, कोणती स्थिती (आठवड्याची की नेहमीची, दुय्यम धरून की सोडून), वयोगट, भार कसा काढला, आणि भार न लावता त्या चौकटीत किती माणसं होती. चौकटीत तीसहून कमी माणसं असतील तर तिथे टक्केवारी छापू नका, रेघ मारा. ज्या ओळींनी फाइल वाचली, जोडली आणि मोजली, ती सगळी आज्ञावली तारीख घालून जपून ठेवा. पोर्टलवर एखाद्या फेरीची सुधारित फाइल आली, तर तीच आज्ञावली पुन्हा चालवून कोणते आकडे हलले ते पाहता येतं.